गोऱ्या वहिनीचा टॅन आणि आपली हळद

तुळशीचं लग्न उरकलं की मालवणात माझ्या पार्लरच्या पायरीवर चपला मावत नाहीत, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचंही तेच होतं. या वेळी निवडलेली तीन पत्रं तीन गावांहून आली आहेत, पण तिघांची अडचण एकच: समारंभासाठी अंगाला चढवायचा रंग. आजवर रंग उतरवायचे उपाय विचारणारीच पत्रं यायची, त्यामुळे मलाही गंमत वाटली.

प्रश्न: ताई, माझा भाऊ मँचेस्टरला असतो. डिसेंबरात त्याचं लग्न आहे. मुलगी तिथलीच, इंग्रज. लग्न मात्र वेंगुर्ल्यात, आमच्याच खळ्यात मांडव घालून. गुरुवारी सगळे गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरतील, शुक्रवारी मेंदी, शनिवारी हळद आणि रविवारी लग्न. वहिनी परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली की निघायच्या आदल्या दिवशी ती स्प्रे टॅन करून घेणार, तिकडे लग्नाआधी खूपजणी करतात. आई तेव्हापासून कपाळाला हात लावून बसली आहे. ‘गोरां चेडू गावलां, तां पण रंग लावन काळां होतां! ह्यां खयचां खूळ?’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. हा रंग हळदीत टिकेल का? टॅनिंगने कॅन्सर होतो असं शेजारचे काका म्हणाले, ते खरं का? आणि मी करवली आहे, मीही करून घेतला तर?
– एक करवली, वेंगुर्ला

उत्तर: बाय, काकांचं आधी घेऊ, कारण ते अर्धं बरोबर आहेत. परदेशात टॅनिंगची दोन निरनिराळी कामं चालतात. एकात माणूस अतिनील दिव्यांच्या पेटीत झोपतो आणि उन्हात रापावं तसा रापतो. त्या पेट्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 साली कर्करोगकारक म्हणून सर्वात वरच्या गटात टाकलं, म्हणजे तंबाखूच्या पंगतीला बसवलं. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियात पार्लरमधल्या अशा पेट्यांवर बंदीच आहे. तुझी वहिनी म्हणते ते वेगळं. स्प्रे टॅनमध्ये दिवा नाही, ऊन नाही, अंगावर एक द्रव फवारतात.

त्या द्रवात डायहायड्रॉक्सीॲसिटोन नावाचा साखरेच्या कुळातला पदार्थ असतो, थोडक्यात डीएचए. तो कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरातल्या प्रथिनांशी जुळतो आणि तपकिरी रंग धरतो. पावाचा कडा भाजताना तांबूस होतो ती हीच रासायनिक क्रिया, म्हणून स्प्रे टॅन केलेल्या बाईच्या अंगाला पहिल्या दिवशी बिस्किटासारखा वास येतो. हे लक्षात आलं तेही अपघाताने. 1950च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला एव्हा विटगेनस्टाइन नावाच्या संशोधक एका चयापचयाच्या आजारासाठी लहान मुलांना डीएचए पाजून तपासत होत्या. मुलांनी ते सांडलं, ओकलं, आणि जिथे कातडीवर पडलं तिथे काही तासांनी तपकिरी डाग दिसले, कपड्यांवर मात्र नाहीत. 1960च्या सुमारास त्याची पहिली लोशनं बाजारात आली.

तर हा रंग आपल्या मेंदीच्याच जातीचा. मेंदीसुद्धा वरच्या मेलेल्या थरालाच धरते आणि तो थर झडेल तशी फिकी होते. फरक इतकाच की मेंदी तळहातावर आठवडा-दोन आठवडे रेंगाळते, आणि टॅन अंगावर पाच ते सात दिवस बरा दिसतो, मग ठिकठिकाणी विटायला लागतो. ही एक गोष्ट ध्यानात धरलीस की वहिनीचं सगळं वेळापत्रक तुझं तुलाच मांडता येईल.

मालवणात पार्लर टाकण्याआधी मी काही वर्षं गोव्यात एका मोठ्या हॉटेलच्या स्पामध्ये होते. थंडीत येणाऱ्या पाहुण्या बायका, त्यातही तिथे लग्न लावायला आलेल्या, टॅन मागायच्या. बाईला कागदी चड्डी आणि केसांना टोपी घालून पडद्याच्या तंबूत उभं करायचं. तळहात, तळपाय, नखं आणि टाचांच्या भेगांना आधी साधं क्रीम थापायचं, कारण जिथे कातडी जाड किंवा कोरडी तिथे रंग जास्त पितो. क्रीम विसरलं की दुसऱ्या दिवशी टाचेच्या प्रत्येक भेगेत काथ भरल्यासारखी रेघ दिसते, आणि ती घासून जात नाही. कोपर, गुडघे आणि घोटे यांवरही क्रीमचा हात फिरवायचा, पण पुसट. मग वीतभर अंतरावरून बंदूक सारखी हलती ठेवून फवारायचं. एका जागी थांबलात की ओघळ. तोंडावर मारताना डोळे झाकलेले, ओठांना बाम, नाकपुड्यांत फिल्टर आणि श्वास धरलेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डीएचए बाहेरून लावायलाच मान्य केलं आहे. डोळे, ओठ आणि नाकाच्या आतला ओलसर भाग यांना ते लागू नये, श्वासातून आत जाऊ नये असं त्यांचं सांगणं आहे. दमा असेल किंवा दिवस गेले असतील तर मी फवाऱ्याला सरळ नाही म्हणायचे. लोशन हाताने चोळून घ्या म्हणायचे.

फवारून झालं की खरी परीक्षा सुरू होते. सहा ते आठ तास पाणी नाही, घाम नाही, घट्ट कपडे नाहीत. ब्रेसियरचा पट्टा दाबला तरी तिथे पांढरी रेघ उमटते. मँचेस्टरच्या डिसेंबरात हे सहज जमतं. आपल्या दमट हवेत एसी बंद पडला की गळ्याच्या वळ्यांत घाम साचतो आणि रंग तिथून वाहतो. म्हणून वहिनी टॅन तिकडेच उरकून येणार हे शहाणपणाचंच आहे. फक्त तिला सांग, आदल्या दिवशी वॅक्सिंग आणि हलका स्क्रब करून घे, आणि त्या दिवशी अंगाला तेल, डिओ, अत्तर काही लावू नकोस. पहिल्या अंघोळीला तपकिरी पाणी वाहतं ते पाहून घाबरायचं नाही. फवारताना कुठे लागलं ते दिसावं म्हणून द्रवात कच्चा रंग घातलेला असतो, तो जातो. पक्का रंग त्याखाली चढलेला असतो.

आता वेंगुर्ल्याचं बघ. मंगळवार-बुधवारचा टॅन, त्यावर रात्रभराचा विमानप्रवास. शुक्रवारी मेंदी. वाळलेली मेंदी आपण खोबरेल लावून सुरीच्या पाठीने खरवडतो, म्हणजे कोपरापर्यंतचा टॅन तिथेच निम्मा गेला. शनिवारी हळद. सवाष्णी आंब्याच्या पानांनी पाय, गुडघे, खांदे, कपाळ अशी रीतसर लावतात तोवर ठीक. पण ती पानं बाजूला ठेवून चुलत्या-मावश्या दोन्ही हातांनी चोळायला लागतात हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्यानंतर तेल, उटणं आणि कढत पाण्याचं न्हाणं. टॅन घालवायचा असेल तर मी दुसरा काय उपाय सांगते? तेल लावा, कोमट पाण्यात बसा, घासा. आपली हळद म्हणजे टॅन उतरवण्याचा पुरता कार्यक्रमच आहे. रविवारी सकाळी वहिनीच्या खांद्यावर चट्टे दिसतील आणि फोटोवाला डोकं धरेल. शिवाय गोऱ्या कातडीवर हळदीचा पिवळा आपल्यापेक्षा भडक दिसतो. तो उन्हात आणि साबणाने एक-दोन दिवसांत उतरतो, पण तपकिरी चट्ट्यांवर पिवळा म्हटलं की काय होईल ते तूच डोळ्यांपुढे आण.

त्यातून नऊवारी नेसल्यावर दिसतं काय? तोंड, गळा, हात आणि थोडी पाठ. पाय तर झाकलेलेच. तोंडाचा टॅन सगळ्यात लवकर जातो, कारण तोंड आपण सारखं धुतो, आणि त्या दिवशी त्यावर मेकअप असणारच. म्हणजे ज्या पोटऱ्यांसाठी तिकडच्या मुली मुख्यतः हे करतात, त्या आपल्या मांडवात कुणी बघतही नाही. मला विचारशील तर वेंगुर्ल्याला तिने आपल्या रंगातच उभं राहावं. परत गेल्यावर तिकडे रिसेप्शन असेलच. त्याच्या दोन दिवस आधी टॅन, उघड्या पाठीचा गाऊन, सगळं जमून येईल. तरीही तिचा जीव त्यातच अडकला असेल तर भांडू नका. हळद पानांनी, फक्त पायाला आणि कपाळाला लावा, आणि उटणं सोडा. लग्न तिचं आहे.

एक गोष्ट मात्र बजावून सांग. टॅन ताजा असताना शालू किंवा रेशमी ब्लाउज अंगाला लावून बघायचा नाही. सुती कपड्याला लागलेला हा रंग धुण्यात निघतो. रेशीम आणि लोकर ही कातडीसारखीच प्रथिनं, त्यांना तो धरून बसतो. मोतिया रंगाच्या पैठणीच्या ब्लाउजला काखेपासून कमरेपर्यंत विटकरी सावली पडलेली मी हातात धरून बघितली आहे. ड्रायक्लीनवाल्यानेही हात टेकले होते.

आणि तपकिरी दिसली म्हणून ती उन्हाला तयार झाली असं समजू नका. या रंगाने ऊन अडत नाही. टॅननंतरचा पहिला दिवस तर सावलीतच काढलेला बरा. सागरेश्वरच्या किनाऱ्यावर दुपारी फोटो काढायला नेलंत तर संध्याकाळी पाठ लालबुंद होईल, डिसेंबर असला तरी. किमान एसपीएफ 30चं सनस्क्रीन, दर दोन तासांनी, आणि समुद्रात डुंबायचं ते लग्नानंतर.

तुझ्या आईंसाठी: काकी, माझ्या पार्लरात रोज चार बायका डी-टॅन करायला, म्हणजे रापलेला रंग उतरवायला येतात, त्यांना तुम्ही कधी खूळ म्हणालात का? तिकडेही पूर्वी गोऱ्यापान बाईचंच कौतुक होतं, कारण ऊन लागायचं ते शेतात राबणाऱ्यांना. पुढे कामं छपराखाली गेली, आणि उन्हाळ्यात समुद्रावर जाऊन रापून येणं हे ऐपतीचं लक्षण झालं. आपल्याकडे अजून शेतातला आणि होडीवरचाच माणूस रापतो, म्हणून आपण उलटे. सूनबाई काळी होत नाहीये, आठवड्याभरात होती तशी होईल. तुम्ही हळद दळायला घ्या.

राहिलीस तू. वेंगुर्ल्याच्या मुलीला वर रंग चढवायची गरज मला दिसत नाही. सावळ्या अंगावर डीएचए जेमतेम कळतो आणि कळला तर नारिंगीकडे झुकतो. त्या पैशात चांगला अंबाडा आणि ताजी अबोली मिळेल.

प्रश्न: माझा मुलगा तालमीत जातो. जानेवारीत जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेला उतरतोय. मागच्या खेपेला आदल्या रात्री मित्रांनी त्याला घरातच काळा रंग फासला. चादर, उशी, न्हाणीघराच्या फरश्या, सगळं खराब. मुलगा मुळात काळासावळा, त्याला आणखी रंग कशाला? आणि डाग कसे काढू?
– एक आई, कणकवली

उत्तर: वहिनी, तो मंचावरच्या दिव्यांसाठी असतो. तसल्या झगझगीत उजेडात साधी कातडी सपाट दिसते, पोटाचे कप्पे पंचांना दिसतच नाहीत. गडद रंग आणि त्यावर किंचित चकाकी असली की दोन स्नायूंमधली सावली उठून दिसते. म्हणून सावळी मुलंही दोन-तीन हात लावतात. करवलीच्या पत्रातलाच हा रंग, फक्त बराच कडक, आणि वर कच्चा रंगही भरपूर.

डागांचं सोपं आहे. चादर सुती असेल तर आधी थंड पाण्यातून काढा, मग साबणाच्या पाण्यात भिजत टाका. कढत पाणी नको. फरशी भांड्याच्या साबणाने निघेल. या वेळी त्याला जुन्या गडद चादरीवर, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा आणि सैल पायजमा घालून झोपवा. काखेत डिओ मारू देऊ नका, हिरवट झाक येते. आणि शौचाला जाताना पाणी मांडीवर उडालं की तिथे पांढरे ओघळ उठतात. हे मुलं एकमेकांना हसत हसत सांगतात पण ते खरं आहे.

रंगाची काळजी सोडा, दुसरी करा. स्पर्धेच्या आधी दोन दिवस तो पाणी तोडतो का, लघवीच्या गोळ्या घेतो का, ते बघा. शिरा दिसाव्यात म्हणून काही मुलं हे करतात. त्याने अंगातले क्षार बिघडतात, पायात गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकतात आणि जिवावरही बेतू शकतं. गोळ्यांचं पाकीट दिसलं तर प्रशिक्षकाला न विचारता थेट डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न: ताई, आमचा सुक्या मासळीचा धंदा. शाळा सुटल्यापासून मी आईबरोबर उन्हात मासळीचं वाळवण घालते. ब्लाउजच्या बाहीपर्यंत माझे हात एक रंगाचे, वर दुसऱ्याच रंगाचे. फेब्रुवारीत साखरपुडा आहे आणि ड्रेस बिनबाह्यांचा घेतलाय. डी-टॅन दोनदा केलं, आग झाली, रेघ तशीच. मैत्रीण म्हणते वरच्या भागाला स्प्रे टॅन मारून सारखं कर. कुणी एक क्रीमही दिलंय, आठ दिवसांत गोरं करणारं.
– हर्णै, ता. दापोली

उत्तर: क्रीम आधी कचऱ्यात टाक. डबीवर घटकांची नावं नसतील, किंवा असतील त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही असेल, तर ते स्टिरॉइड आहे. आठ दिवसांत उजळते खरी, पण कातडी कागदासारखी पातळ होते, केस उगवतात, आणि बंद केल्यावर आधीपेक्षा जास्त लाल-काळी पडते. नाव नसलेल्या काही क्रीमांत पारा निघतो, तो मूत्रपिंडाला बाधतो.

मैत्रिणीची कल्पना वाईट नाही. रापलेला भाग उजळवण्यापेक्षा उजळ भाग गडद करणं कातडीला सोपं जातं. पण दोन्ही रंग तंतोतंत जुळवायला सरावाचा हात लागतो, आणि दापोलीच्या आसपास तसा हात मिळेल असं धरून चालू नकोस. नवरीच्या मेकअपची एअरब्रश बंदूक आणून तीत टॅनचा द्रव घालतो असं कुणी म्हणालं तर नको म्हण. त्या बंदुकीचं तोंड चेहऱ्यापुरतं बारीक असतं, दंडावर पट्टे येतील.

तुझ्या हातात वेळ आहे ते वापर. आजपासून उन्हात जाताना पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाल, जुना शर्ट ब्लाउजवर चढवलास तरी चालेल. हातावर सनस्क्रीन लाव आणि रोज रात्री खोबरेल किंवा कुठलंही साधं मॉइश्चरायझर. ब्लीच-डी-टॅन पूर्ण बंद, आग झालेली कातडी ऊन लागलं की आणखी काळी पडते. फेब्रुवारीपर्यंत रेघ पुसट होईल, पुरती जाईल असं मी म्हणणार नाही, वर्षानुवर्षांचं ऊन आहे ते. उरलं तेवढ्यापुरता साखरपुड्याच्या दिवशी दोन्ही दंडांना पाण्याने न निघणारा बॉडी मेकअप कर. तो तुझ्या खालच्या, रापलेल्या रंगाशी जुळवून घे आणि वरच्या भागाला लाव. ड्रेस घालण्याआधी दहा मिनिटं वाळू दे आणि पावडर मार. आणि शिंपी ओळखीचा असेल तर उरलेल्या कापडाच्या जाळीदार बाह्या जोडून मिळतात, दोन-अडीचशे रुपयांचं काम आहे.